बायडाक्काचा धुण्याचा दगड

पाय धुवायला दिलेलं पाणी माणसानं पायावर घ्यावं, एवढी साधी रीत. तीसुद्धा ज्याला ठाऊक नाही त्याला पोरगी द्यायची कशी, असा बायडाक्काचा सवाल होता. आणि तो ती चुलीपुढं बसून, पण ओसरीवर नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आपल्या भावाला विचारत होती.

"आकाराम, कसलं स्थळ आणलंयस रं हे? तांब्या भरून परसात पाठवला. म्हटलं, पावणं उन्हातनं आल्यात, पाय धुत्याल, तोंडावर पाणी मारत्याल. तर ह्यो बाबा तांब्याचा तांब्या माझ्या धुण्याच्या दगडावर ओतून मोकळा! आणि आता त्याच्याम्होरं गुडघ्यावर बसलाय. देवाम्होरं बसावं तसा!"

"आक्का, हळू. बाप बसलाय त्याचा ओसरीवर."

"बसू दे की. त्याला बी कळू दे, पोरगं काय शिकवून ठेवलंय ते."

ओसरीवरच्या गणपतरावांनी हे ऐकलं आणि मुकाट्यानं चिवड्याचा बकाणा भरला. पोराचं हे खूळ त्यांना नवं नव्हतं. मागच्या स्थळाच्या वेळी तो मुलीच्या घरच्या उंबऱ्याजवळ असाच बसला होता, आणि लोकांना वाटलं होतं, पोराला भोवळ आली.

बहात्तर सालचा दुष्काळ सरून दोन सुग्या झाल्या होत्या. गडमुडशिंगीत लग्नाच्या बोलाचालींना पुन्हा ऊत आला होता. बायडाक्काची एकुलती एक लेक शालन मॅट्रिक झालेली, रंगानं बापावर आणि जिभेनं आईवर गेलेली. तिला बघायला आजवर सात स्थळं येऊन गेली होती. त्यातली चौघं शालनची जीभ बघून परत गेली. उरलेली तीन बायडाक्कानंच वाटेला लावली. एकजण बशीतला चहा ओढताना म्हशीसारखा आवाज करत होता, एवढं तिला पुरलं होतं.

बायडाक्का स्वतः दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली. सही करता यायची, पण ज्या कागदावर करायची तो आधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायची. नवरा गेल्यावर बारा वर्षं तिनं सात एकर रान आणि चार म्हशी एकटीनं सांभाळल्या. गावात तिला चुकीचं ठरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान तिची तशी समजूत होती, आणि ती मोडायची कुणाला हौस नव्हती.

हा आठवा मुलगा, सयाजी, कोल्हापुरात कॉलेजात शिकवायचा. राजारामपुरीत खोली घेऊन राहायचा. काय शिकवतो म्हणून विचारलं, तर आकारामनं "दगडांचा मास्तर हाय" एवढंच सांगितलं होतं. दगडांना शिकवतो की दगडांविषयी, हे आकारामलाही नक्की ठाऊक नव्हतं.

बायडाक्का पदर खोचून परसात गेली.

सयाजी तिथंच होता. चष्मा कपाळावर, पॅन्टचे गुडघे चिखलात. ओल्या दगडाची कड बोटानं चाचपत होता.

"काय हरवलं का पावणं?"

"मावशी, हा दगड इथला नव्हे." त्यानं मानही वर केली नाही. "इथं सगळा काळा दगड. हा तांबडा, वाळूचा. कुठनं आणला?"

बायडाक्काच्या तोंडात तयार झालेली चार वाक्यं तिथंच विरली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती चौतीस वर्षं थांबली होती.

"माझ्या म्हायेरचा हाय त्यो," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "गडहिंग्लजच्या खालती, कानडी मुलखाच्या शिवंवर आमचं गाव. माझ्या आप्पानं लग्नात दिला. लोकं लेकीला घागरी देत्यात, परात देत्यात. आप्पा म्हणला, तिथला काळा दगड घसरडा, माझी लेक धुणं धुताना पडंल. बैलगाडीत घालून संकेश्वर, निपाणी, कागल करत तीन दिसांनी हितं आणला. पंचक्रोशीत असला दगड दुसरा दाखवा मला!"

"नसेलच," सयाजी म्हणाला. त्याचा आवाज खरोखर हरखलेला होता. "फार सुंदर दगड आहे. फक्त एवढंच, की तो उलटा बसवलाय."

शेजारच्या परसात झुंबरबाई लुगडं वाळत घालत होती. ती हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिली.

"काय म्हणालासा?"

"उलटा आहे. खालची बाजू वर आलीय."

"चौतीस वर्सं ह्याच्यावर धुणं बडवतीया मी," बायडाक्का एकेक शब्द वेचून म्हणाली. "एकाबी लुगड्यानं तक्रार केली न्हाई, की बाई, आमाला खालच्या बाजूवर आपटतीस म्हणून!"

कुंपणापलीकडं झुंबरबाईला खोकला आला. तो खोकला नव्हता.

गणपतराव ओसरीवरून धावत आले. मागोमाग आकाराम. "सयाजी, चुकलं म्हण बाबा. थोरामोठ्यांना असं बोलत्यात व्हय?"

"चुकलं असतं तर म्हटलं असतं, दादा," सयाजी शांतपणे बापाला म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं त्यानं सांगितलं. "पण उलटाच आहे."

एवढ्यात मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. शालन चहाचं ताट घेऊन उभी होती. खरं तर तिनं ओसरीवर यायचं, पाटावर बसायचं, खाली मान घालून नाव सांगायचं. पण ओसरीवर कुणी उरलंच नव्हतं. म्हणून ती चहा घेऊन गर्दीच्या मागं आली होती, आणि खाली मान घालायच्या ऐवजी ती टक लावून सयाजीकडं बघत होती. आपल्या आईला तोंडावर 'नाही' म्हणणारा माणूस तिनं जन्मात पहिल्यांदा बघितला होता.

बायडाक्कानं लेकीची नजर बघितली. सात स्थळांत ही नजर तिला दिसली नव्हती. पण म्हणून काय कुणी येऊन आपल्याच परसात आपला दगड उलटा ठरवायचा?

"इमामला बोलवा," तिनं हुकूम सोडला.

इमाम गवंडी दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. तो दगड त्यानंच बसवलेला, तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. आता दाढी पांढरी झाली होती. तो पायजम्याची नाडी आवळत आला, आणि एवढी माणसं बघून दारातच थबकला.

"इमामभाई, ह्यो दगड तू बसवलास. उलटा हाय का सुलटा? खरं सांगायचं."

इमामनं दगडाकडं बघितलं. बायडाक्काकडं बघितलं. मग लिंबाच्या झाडाकडं बघितलं. "आक्का," तो म्हणाला, "तुमी सांगितला तसा बसवला."

बाकीच्यांना यात काही वाटलं नाही. पण बायडाक्काचा कंबरेवरचा हात खाली आला.

तिला आठवलं. अठरा वर्षांची नवी सून. दारात गाडी सोडलेली, आणि भोवती जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसताहेत, "बापानं रुखवतात धोंडा दिला गं!" दगडाची एक बाजू सपाट, गुळगुळीत. दुसरी बाजू वळ्यावळ्यांची, सुरकुतलेली. इमाम म्हणाला होता, "ही वळ्यांची बाजू वर घेऊ, वहिनी. धुणं चांगलं निघंल." आणि तिनं ठासून सांगितलं होतं, "न्हाई. गुळगुळीत वर." आधीच हसणाऱ्या बायकांपुढं आप्पाचा दगड खडबडीत दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. चौतीस वर्षं इमामनं ही गोष्ट कुणापाशी काढली नव्हती.

"बरं पावणं," तिनं सयाजीकडं तोंड फिरवलं. आवाज तोच, पण धार जरा बोथटलेली. "तुमास्नी कसं कळलं? दगड काय बोलला?"

"तुम्हीच बघा की, मावशी." सयाजीनं तिला कडेशी बसायला जागा केली. "खळ्यावर उपणताना दाणं सुपातनं पडत्यात, रास वाढत जाती. राशीचा पायथा कसा असतो?"

"कसा म्हंजे? पसरट. दाणं घरंगळत येत्यात आणि पायथ्याला पसरत्यात. त्यात काय मोठं!"

"आणि माथ्यावर हात फिरवून रास सपाट केली तर?"

"तर माथा कापल्यागत दिसंल."

"आता ह्या तिरक्या रेघा बघा. वाळूच्या राशीच आहेत ह्या. दगड ओला केला की दिसतात, म्हणून पाणी ओतलं. पसरट टोक कुठल्या अंगाला आहे?"

बायडाक्का वाकली. ओल्या तांबड्या दगडात एकीखाली एक बारीक तिरक्या रेघा होत्या. चौतीस वर्षं तिनं दगडाचा माथाच बघितला होता, कड कधी बघितलीच नव्हती. रेघा खालच्या अंगाला कापल्यासारख्या तुटल्या होत्या, आणि वरच्या अंगाला हळूहळू वाकून पसरल्या होत्या.

पायथा वर होता. माथा खाली होता.

जन्मभर राशी लावलेल्या बाईला हे दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येत नाही. म्हणजे करता येतं. नुसतं उठून "न्हाई, सुलटाच हाय" म्हणायचं होतं. इमाम गप्प राहिला असता, आकारामनं मान डोलावली असती, दगड आहे तसा राहिला असता. पण मग हा पोरगा गेला असता. "चुकलं" म्हणणाऱ्यातला तो दिसत नव्हता. आणि मागं ताट धरून उभी असलेली शालन आईच्या पाठीकडं बघत होती, हे बायडाक्काला न वळताही कळत होतं.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"पहार आणा कुणीतरी," ती म्हणाली.

पुरुष एकमेकांकडं बघत राहिले. ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. शालन नव्या इरकलीचा पदर खोचून गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. ती तिनं सरळ सयाजीच्या हातात दिली. तेव्हा कुठं सयाजीनं तिच्याकडं पहिल्यांदा बघितलं. आणि मग पहार हातात घेऊन तो तसाच बघत राहिला.

"पावणं, दगड तिकडं हाय," बायडाक्का म्हणाली.

इमामनं कडेचा चुना फोडला. सयाजीनं पहार घातली, आकाराम आणि गणपतरावांनी खांदा लावला, झुंबरबाई कुंपणावरून "आता ह्या बाजूनं, आता त्या बाजूनं!" म्हणून सांगत राहिली. दगड कुरकुरला, उभा राहिला, आणि धप्पदिशी पलीकडं पडला. शालननं घागरभर पाणी त्याच्यावर ओतलं. चौतीस वर्षांची माती वाहून गेली.

मातीखाली वळ्या होत्या. बोटाएवढ्या, शेजारीशेजारी, एका दिशेला वाकलेल्या, अगदी ताज्या. नदीचं पाणी ओसरल्यावर काठच्या वाळूवर राहतात, तशाच्या तशा.

"अगं बया," बायडाक्का हळूच म्हणाली. "हे तर आमच्या म्हायेरच्या नदीचं, हिरण्यकेशीचं काठ!"

"हिरण्यकेशीच्या खापरखापर पणजीचे म्हणा," सयाजी हसला. "शंभर कोटी वर्षांपूर्वीचे. थोडंफार कमीजास्त."

"कमीजास्त म्हंजे किती?"

"पाचदहा कोटी इकडंतिकडं."

"आकारामचं वय लग्नात असंच सांगितलं हुतं आमी," बायडाक्का म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्यांदा गणपतराव हसले.

"मग एवढी वाळू आली कुठनं?" हे शालननं विचारलं. सगळे तिच्याकडं वळले. पाटावर बसून नाव सांगायच्या आधी मुलीनं मुलाला प्रश्न विचारायची गावातली ही पहिलीच वेळ असावी.

सयाजी अडखळला. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण विचारणारी समोर होती. मग त्यानं बायडाक्काकडं बघूनच सांगायला सुरुवात केली. ते सोपं होतं.

"मावशी, गुऱ्हाळावरची रस आटवायची काहील बघितलीय की तुम्ही. तुमच्या म्हायेरापासनं पार बदामीपर्यंत जमीन तशी मधोमध खचली होती. तेव्हा माणूस नव्हता, जनावर नव्हतं, गवताची काडीसुद्धा नव्हती. भोवतीच्या डोंगरातनं नद्या यायच्या आणि त्या काहिलीत गोटे, वाळू, गाळ टाकून जायच्या. पाऊस आटला की सगळं कोरडं पडायचं. गवत नाही म्हटल्यावर वाळू धरून ठेवणार कोण? मग वारा ती उचलायचा आणि टेकड्या लावायचा. पुन्हा पाऊस, पुन्हा नदी. ती येऊन टेकड्यांचे माथे कापायची आणि त्यावर आपला गाळ पसरायची. थरावर थर. भरेल तशी काहील ओझ्यानं आणखी खचायची, म्हणजे आणखी भरायला जागा."

"म्हंजे आणणारी दमत न्हाईत, आणि घेणारी भरून वाहत न्हाई," बायडाक्का म्हणाली. "सासरच म्हणा की!"

या वेळी इमामही हसला.

"आणि आमचा काळा दगड?"

"तो फार मागनं आला. तापलेला रस, जमिनीतनं उतू गेलेला. त्यानं सगळं झाकलं. तुमच्या म्हायेराकडं तो झिजलाय, म्हणून हा तांबडा उघडा पडलाय." सयाजी पुन्हा दगडाच्या कडेशी बसला. आता त्याच्या कपाळावर आठी होती. "वरचा हा वळ्यांचा थर पाण्याचा, यात शंका नाही. त्याच्याखाली ही गोट्यांची ओळ, नदी पहिल्यांदा आली तेव्हाची. पण त्याखालच्या ह्या तिरक्या राशी वाऱ्याच्या, असं मला वाटतं. नुसतं वाटतं. आमच्यातले थोर लोक म्हणतात, त्याही पाण्याच्याच. मला ठामपणानं सांगता येत नाही."

बायडाक्कानं त्याच्याकडं नवलानं बघितलं. एवढा वेळ ताठ बोलणारा पोरगा आता सगळ्यांदेखत 'मला सांगता येत नाही' म्हणत होता. तिला स्वतःला हे वाक्य बावन्न वर्षांत जमलं नव्हतं.

ती खाली बसली. वरच्या थरावर अंगठा घासला. मग खालच्या तिरक्या रेघांवर घासला. तिथल्या फुटलेल्या कोपऱ्याचा बारीक चुरा चिमटीत धरला, तळहातावर पसरला, सुपातलं धान्य पारखावं तसा बोटानं पांगवला.

"वाऱ्याच्याच," ती म्हणाली.

"कशावरून, मावशी?"

"अवो, पाणी काय निवडून आणतं व्हय? पूर आला की खडा, माती, काटकी, मेलेली घूस, सगळं एकदम दारात. ह्या वरच्या थरात बघा, बारीक हाय, जाड हाय, मधीच मातीचा चिकटा बी हाय. आणि खालचं बघा. दाणा न् दाणा सारखा. निवडल्यागत. असं निवडायचं काम वाराच करतो. जड ते म्हागं ऱ्हातं, हलकं ते उडून जातं, मधलं तेवढं राशीला पडतं. चाळीस वर्सं उपणलंय मी, मला सांगू नगा."

सयाजीनं तिच्या तळहातावरची चिमूटभर वाळू आपल्या हातात घेतली. खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. सगळं परस त्याच्या तोंडाकडं बघत होतं. मग त्यानं भिंग खाली केलं, आणि चिखलाच्या गुडघ्यांवर बसल्याबसल्याच बायडाक्काच्या पायांना हात लावला.

"मावशी, दोन वर्षं मी हे पुस्तकात शोधतोय."

"पुस्तकाला कुठं वारं लागतं," बायडाक्का म्हणाली. पण तिचं तोंड असं फुललं होतं, की झुंबरबाईनं ते वर्षभर गावात सांगितलं.

मग ती इमामकडं वळली. हे सगळ्यांत अवघड होतं, म्हणून तिनं ते भरभर उरकलं. "इमामभाई, तू तवा बरोबर सांगितलं हुतंस. मीच ऐकलं न्हाई. वळ्या वर ठेवून बसव आता."

"व्हय आक्का," इमाम म्हणाला. आणि चौतीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाच्या समाधानानं त्यानं दाढी कुरवाळली. "मी तवाच म्हणलो हुतो, धुणं चांगलं निघंल."

"एकदाच बोल. दोनदा नगं."

चहा गार झाला होता. शालननं तो पुन्हा गरम केला, आणि दगडाभोवतीच सगळ्यांना दिला. पाट, खाली मान, नाव सांगणं, यातलं काही झालंच नाही. गणपतराव आकारामच्या कानाशी लागले, की आता पुढचं बोलायला हरकत नाही. तेवढ्यात सयाजीनं कप खाली ठेवला आणि घसा खाकरला. आकारामनं बहिणीला कोपरानं ढोसलं. आता मागणी घालतोय पोरगा!

"मावशी, एक विनंती आहे," सयाजी म्हणाला. "हा दगड आमच्या कॉलेजला द्याल का?"

गणपतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. झुंबरबाई कुंपणाला धरून खाली बसली. शालननं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

बायडाक्का लेकीपाशी गेली. "हसतीस काय? तुला पायजे का ह्यो असला? खरं सांग."

"पहार मीच आणून दिली की, आक्का," शालन म्हणाली. ती आईला आक्काच म्हणायची.

बायडाक्कानं मान हलवली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि सयाजीपुढं जाऊन उभी राहिली. तो घाईघाईनं उठला.

"ऐका पावणं. दगड मिळायचा न्हाई. त्यो माझ्या आप्पानं दिलाय, त्यो माझ्या परसातच ऱ्हाईल. पोरगी मिळंल. ती तुमच्यासारखीच हाय, तोंडावर बोलती, तवा रोज भांडाल, पर एकमेकांला फसवायचा न्हाईसा. दगड बघायचा असंल तर दर दिवाळीला सासरवाडीला या. आणि याल तवा पाणी पायावर घ्यायचं, आदी माझ्या लेकीकडं बघायचं, आणि मग दगडाकडं. कळलं का?"